कर्णिका बोलते आहे की जवनिका?

(दृश्य: ईसीजीची पट्टी, अगदी जवळून)

या कागदावरची उंच टोकं हृदयाच्या खालच्या कप्प्यांची, म्हणजे जवनिकांची. दोन टोकांमधलं अंतर बघा. कुठे बोटभर, कुठे त्याच्या निम्मं, कुठे दीडपट. प्रत्येक टोकाआधी एक लहानसा उंचवटा दिसायला हवा, तो कुठेच नाही. तिथे नुसती थरथर आहे. वरचे कप्पे, म्हणजे कर्णिका, एकदिलाने आकुंचन पावायचं सोडून मिनिटाला ३५० ते ६०० वेळा फडफडताहेत. हे एट्रियल फिब्रिलेशन.

अशी पट्टी असलेल्या एखाद्या रुग्णाला जिना चढताना धाप लागते. रात्री आडवं पडलं की जीव घुसमटतो, म्हणून उशाला दोन-तीन उश्या. घोट्याजवळ अंगठा दाबून उचलला, तर खळगा तसाच राहतो. ही हार्ट फेल्युअरची लक्षणं. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. शरीराला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलणं त्याला झेपत नाही. थकलेल्या हृदयात दाब वाढतो, कर्णिका ताणल्या जातात, लय बिघडते. आणि बिघडलेली लय हृदयाला आणखी थकवते.

(दृश्य: रक्ताची नळी, तिच्यावर लेबल चिकटवणारे हात)

या नळीतून एक आकडा येणार आहे: एनटी-प्रोबीएनपी. तो समजायला थोडं मागे जावं लागेल.

१९८१ साली कॅनडातल्या किंग्स्टनमध्ये अडॉल्फो दे बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या कर्णिकांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. थोड्याच वेळात त्या उंदरांच्या लघवीचं प्रमाण झपाट्याने वाढलं, मीठही बाहेर पडू लागलं. ज्याला सगळे पंप समजत होते, ते हृदय संप्रेरकही बनवतं! मला ही गोष्ट आजही थक्क करते. १९८८ मध्ये जपानी संशोधकांना या संप्रेरकाचं भावंड, बीएनपी, डुकराच्या मेंदूत सापडलं, म्हणून बीएनपीमधला ‘बी’ ब्रेनचा. पुढे कळलं की ते प्रामुख्याने जवनिकांमध्ये तयार होतं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

जवनिकेची भिंत ताणली गेली की तिच्या पेशी १०८ अमिनो आम्लांची साखळी बनवतात. ती तुटते. ३२ आम्लांचा तुकडा म्हणजे बीएनपी. तो मूत्रपिंडाला पाणी आणि मीठ बाहेर टाकायला लावतो, रक्तवाहिन्या सैल करतो. उरलेला ७६ आम्लांचा तुकडा म्हणजे एनटी-प्रोबीएनपी. तो काहीच काम करत नाही, पण रक्तात जास्त वेळ टिकतो, म्हणून मोजायला सोयीचा. दवाखान्यात चालत आलेल्या रुग्णात हा आकडा दर मिलिलिटरला १२५ पिकोग्रॅमच्या खाली असेल, तर हार्ट फेल्युअरची शक्यता कमी धरतात.

अडचण इथेच आहे. फडफडणाऱ्या कर्णिकाही हेच रसायन रक्तात सोडतात. हार्ट फेल्युअर नसतानाही, केवळ लय बिघडल्यामुळे आकडा वर जातो. समजा, रिपोर्टवर ८०० लिहून आलं. नियमित ठोक्यांच्या माणसात हा आकडा ठळक इशारा. फिब्रिलेशनच्या रुग्णात तोच आकडा संदिग्ध. एम्परर-प्रिझर्व्ह्ड या औषधचाचणीत रुग्ण घेताना हा भेद पाळला होता: लय नियमित असेल तर ३०० च्या वर, फिब्रिलेशन असेल तर ९०० च्या वर.

त्यात आणखी गुंते आहेत. वय वाढलं, मूत्रपिंड मंदावलं की आकडा चढतो. स्थूल व्यक्तीत तो फसवा कमी दिसतो. हार्ट फेल्युअरवरची, सॅक्युबिट्रिल हे औषध असलेली गोळी चालू असेल तर बीएनपी वाढू शकतं, कारण ते मोडणाऱ्या विकरालाच ही गोळी अडवते. एनटी-प्रोबीएनपीला ते विकर मोडत नाही, म्हणून तिथे तोच मोजावा. शेजारी ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूतलं एक प्रथिन, पाहिलं, तर हृदयाच्या पेशींना इजा होतेय का, याचाही अंदाज येतो.

म्हणून मला वाटतं, रिपोर्ट हातात पडल्यावर पहिला प्रश्न ‘किती?’ हा नको. रक्त घेतलं तेव्हा लय कोणती होती? आणि याच रुग्णाचा मागचा आकडा काय होता?

(दृश्य: ईसीजीची दुसरी पट्टी)

विजेचा नियंत्रित झटका दिल्यानंतरची ही पट्टी. टोकं समान अंतरावर आहेत, प्रत्येकाआधी तो लहानसा उंचवटा परतला आहे. ही लय टिकली, तर काही दिवसांनी पुन्हा घेतलेल्या रक्तात आकडा बहुधा उतरलेला असतो. तरीही तो चढाच राहिला, तर त्याचं कारण डॉक्टर आता इकोच्या पडद्यावर शोधतील.