मनाच्या फाटकाशी

नमस्कार श्रोतेहो.

उपवासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस, सुरू झाला आहे. राखेच्या बुधवारी आपण कपाळाला राख लावून घेतली. आपले कोकणी शेजारी या दिवसांना कोरेज्म म्हणतात. या काळातल्या पहिल्या रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, दरवर्षी एकच प्रसंग वाचला जातो. येशू अरण्यात चाळीस दिवस उपाशी राहिला आहे आणि त्याला मोहात पाडायला सैतान येतो. आज मी त्याच प्रसंगावर बोलणार आहे. मनाची राखण कशी करावी, हे मला त्याच्याइतकं स्पष्ट दुसऱ्या कुणी शिकवलेलं नाही.

आमच्या चर्चमध्ये मी मुलांना दोतोर्न, म्हणजे धर्मशिक्षण, शिकवते. पहिल्या कुमसाराच्या, म्हणजे धर्मगुरूपुढे पापं कबूल करण्याच्या, तयारीत एखादं मूल हमखास विचारतं, "टीचर, मनात वाईट विचार आला म्हणजे पाप झालं का?" मुलं विचारून मोकळी होतात. मोठी माणसं हाच प्रश्न वर्षानुवर्षं पोटात घेऊन फिरतात. प्रार्थनेला बसलं की नेमका घाणेरडा विचार येतो, आजारी सासूची शुश्रूषा करताना "आता सुटली तर बरं" असं मनात येऊन जातं, आणि मग वाटतं, आपण कसले ख्रिस्ती! अशा सगळ्यांना मी अगदी ठामपणे सांगेन की विचार येणं हे पाप नव्हे. सैतानाचे शब्द प्रत्यक्ष येशूच्या कानावर पडले. तो सर्व प्रकारे आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला, असं इब्री लोकांस पत्रात लिहिलं आहे. गोव्यातल्या घराला फाटक असतं आणि मग बाल्कांव, म्हणजे बसायची ओसरी. कोण फाटकाशी येऊन उभा राहील ते आपल्या हातात नसतं. त्याला बाल्कांवात बसवून घ्यायचं की फाटकातूनच परत पाठवायचं, ते मात्र आपल्या हातात असतं.

बायबलमध्ये मोहाचे दोन मोठे प्रसंग आहेत, एक बागेतला आणि एक अरण्यातला. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. बागेत सर्प हव्वेला थेट "फळ खा" म्हणत नाही. तो नुसता विचारतो, देवाने खरंच असं सांगितलं काय? आणि हव्वा उत्तर द्यायला बसते. त्या फळाला स्पर्शही करू नका असं देवाने सांगितलंय, असं ती म्हणते. मागचा अध्याय उघडून पाहिलात तर देवाच्या आज्ञेत खाऊ नये एवढंच आहे, स्पर्शाचा शब्दही नाही. म्हणजे बोलता बोलता आज्ञा होती त्यापेक्षा जाचक वाटू लागली आणि आज्ञा देणारा कठोर वाटू लागला. त्यानंतर फळ दिसायला रम्य वाटायला कितीसा वेळ लागणार?

अरण्यात येशूला भूक लागली आहे. बागेत तर झाडं फळांनी लगडलेली होती, इथे नुसते धोंडे. सैतान म्हणतो, तू देवाचा पुत्र असशील तर या धोंड्यांच्या भाकरी कर. या "असशील तर"मध्ये सगळा डाव आहे. थोड्याच दिवसांपूर्वी यार्देन नदीकाठी, हा माझा प्रिय पुत्र, अशी आकाशवाणी झाली होती. तिच्यावरच शंका. येशू ती शंका चर्चेला घेत नाही. मी पुत्र आहेच, हे घे पुरावे, असंही म्हणत नाही. मनुष्य केवळ भाकरीने नव्हे, तर देवाच्या मुखातून निघणाऱ्या प्रत्येक वचनाने जगेल, असा शास्त्रलेख आहे, एवढंच सांगतो. तीन मोह, तीन उत्तरं, आणि तिन्ही जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या एकाच पुस्तकातली, त्याच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली. अरण्यात त्याच्याजवळ ग्रंथाच्या गुंडाळ्या कुठून असणार? लहानपणी नासरेथात जे कानावर पडलं आणि पाठ झालं, तेच भुकेच्या दिवशी ओठावर आलं.

आता दुसऱ्या मोहापाशी जरा थांबते, कारण देवळारावळात वावरणाऱ्या, उपास-प्रार्थना करणाऱ्या माणसांना खरा धोका तिथेच आहे. पहिलं उत्तर वचनातून आलं हे पाहून सैतानही वचनच घेऊन येतो. मंदिराच्या शिरोभागी येशूला उभं करून तो एक्क्याण्णवावं स्तोत्र म्हणून दाखवतो. देव आपल्या दूतांना आज्ञा देईल, तुझ्या पायाला धोंड्याची ठेच लागू देणार नाही, तेव्हा टाक उडी! शब्द पवित्र, जागा पवित्र, आणि मागणी देवाची परीक्षा पाहण्याची. भाविकाच्या मनात शिरायचं तर सैतान भक्तीची वस्त्रं घालूनच येतो.

आपल्याकडे हे कसं दिसतं? बार्देशातल्या एका गावातलं जुनं घर माझ्या डोळ्यांसमोर आहे. वडील वारल्यावर वाटणीचा दावा लागला आणि घराच्या मधोमध चिऱ्यांची भिंत उभी राहिली, गिलावा न केलेली. आल्तार, म्हणजे घरातली प्रार्थनेची वेदी, थोरल्याच्या वाट्याला गेला. धाकट्याने आपल्या बाजूला लाकडी फळीवर नवा खुरीस, म्हणजे क्रूस, आणि सायबिणीची, म्हणजे मरियामातेची, मूर्त मांडली. संध्याकाळ झाली की भिंतीच्या दोन्ही बाजूंना तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू होतो आणि एकाचा आवाज दुसऱ्याला स्वच्छ ऐकू जातो. तेर्सात "हे आमच्या स्वर्गातील पित्या" निदान पाच वेळा येतं, आणि त्यात, आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो तशी आम्हाला कर, हेही येतंच. दोन्ही भाऊ ते मोठ्याने म्हणतात. दोघांनाही मनापासून वाटतं की सत्य आपल्या बाजूचं आहे आणि देव दुसऱ्याला धडा शिकवील. दारू किंवा जुगार यांचा मोह माणसाला मोह म्हणून ओळखता तरी येतो. आपण न्यायाच्या बाजूला आहोत या समाधानात मुरलेला राग ओळखायला फार कठीण, कारण तो प्रार्थनेच्या वेळी आपल्या शेजारीच गुडघे टेकून बसलेला असतो. "माणसाच्या रागाने देवाचे नीतिमत्त्व घडत नाही," असं याकोब लिहितो. हे एक वचन भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाठ असायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

वाईट विचार नुसता हुसकून भागत नाही, हेही येशूनेच सांगितलं आहे. माणसातून निघालेला अशुद्ध आत्मा विश्रांती शोधत भटकतो, मग परत येऊन पाहतो तर घर झाडलेलं, सजवलेलं, पण रिकामं. तेव्हा तो आपल्याहून दुष्ट असे आणखी सात जण घेऊन येतो. आमच्या उपवासकाळाची कित्येकदा हीच गत होते. मांसमच्छी सोडली, दारू सोडली, टीव्हीवरच्या मालिका सोडल्या, आणि मोकळ्या झालेल्या वेळात काहीच ठेवलं नाही. मग ईस्टरच्या सोमवारी सगळं दामदुपटीने परत.

रिकाम्या जागेचं हे दुखणं आपल्याच गोव्यात चारशे वर्षांपूर्वी एका माणसाने ओळखलं होतं. फादर थॉमस स्टीफन्स, जन्माने इंग्रज, १५७९ साली गोव्यात आले आणि सासष्टीत राहिले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना जुन्या पोथ्यापुराणांची बंदी झाली होती. मग आम्हाला तसं दुसरं काही का देत नाही, ही त्यांची मागणी फादरांनी ग्रंथाच्या सुरुवातीलाच नोंदवली आहे. त्या मागणीतून ख्रिस्तपुराण तयार झालं. सुमारे अकरा हजार ओव्या, मराठीत, आणि १६१६ मध्ये राशोलला छापून निघाल्या. लोकांच्या कानाला सवयीच्या असलेल्या ओवीतून त्यांनी ख्रिस्ताची कथा त्यांच्या मनात नेऊन ठेवली. त्याआधी, १५४२ मध्ये इथे पोचलेले संत फ्रान्सिस झेवियर हातात घंटा घेऊन जुन्या गोव्याच्या रस्त्यांतून मुलांना गोळा करत आणि शिकवण गाऊन घेत. गाऊन पाठ झालेलं सहज निघून जात नाही. मराठीत प्रार्थना करणाऱ्या आपल्या गोव्यातल्या कुटुंबांना मी आग्रहाने सांगते, मुलांना वचनं पाठ करायला लावा, आणि चालीवर लावा. मोबाइलमध्ये सगळं बायबल असतं हे खरं. पण मोह येतो तेव्हा तोच मोबाइल बहुधा दुसऱ्याच कामासाठी हातात असतो.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रियस नावाचे एक तपस्वी होते. त्यांनी मनाला घेरणाऱ्या विचारांचे आठ प्रकार मांडले आणि त्यांना उत्तर म्हणून बायबलमधली सुमारे पाचशे वचनं जमवली, कुठल्या विचाराला कुठलं वचन तोंडावर सांगायचं ते ठरवून. त्या आठांत खादाडपणा, लोभ, राग आहेत, तसा एक दुपारचाही आहे. सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो, तपस्वी पुन्हा पुन्हा खिडकीबाहेर पाहतो, कुणी भेटायला येतंय का बघतो, आणि या जागी राहण्यात आता काही अर्थ नाही असं त्याला वाटू लागतं. निवृत्तीनंतर घरी एकट्या पडलेल्या, मुलं पोर्तुगाल-इंग्लंडला गेलेल्या आपल्या माणसांना ही दुपार नवी नाही. तिलाही एव्हाग्रियस यांनी मोहातच धरलं, हे मला मोलाचं वाटतं. नाहीतर त्या कंटाळ्याचा दोष माणूस स्वतःला लावत बसतो.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे मोहाबद्दल कुणाशी तरी बोलणं. झेवियरांचे गुरू संत इग्नेशियस यांनी लिहून ठेवलं आहे की सैतानाला सगळ्यात जास्त हवी असते ती गुप्तता. आपल्या कुजबुजीबद्दल माणसाने जाणत्या कुमसार-गुरूला सांगितलं की त्याचा डाव फसतो. पणजीला मांडवीकाठी संध्याकाळी उभे राहा. कॅसिनोच्या बोटींवर दिवे लागतात, माणसांना तिकडे नेणाऱ्या होड्या ये-जा करतात, आणि काठावर एखादा आपल्यातलाच तरुण पगाराचे पैसे खिशात चाचपत असतो. आता तर बोटीवर जायचीही गरज नाही, अंथरुणात पडून मोबाइलवर पैसे लावता येतात. आजच्यापुरतं, हरलेलं तेवढं भरून काढू, कुणाला कळणार नाही. हे शेवटचं वाक्य ऐकू आलं की त्याच क्षणी कुणाला तरी फोन करा. भावाला करा, मित्राला करा, पाद्रीबाबना करा. "मला आता जावंसं वाटतंय" एवढं बोललात तरी पुष्कळ झालं.

इग्नेशियस यांचा आणखी एक नियम मी स्वतः पाळते. मन काळोखात असताना, प्रार्थना कोरडी वाटत असताना, आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नये. चर्च सोडायचं, लग्न मोडायचं, उपवास थांबवायचा, जे काही असेल त्याचा विचार उजेड पडल्यावर करावा.

माझ्या ओळखीच्या एक बाई बांबोळीच्या गोमेकॉ इस्पितळात नवऱ्याच्या खाटेजवळ रात्री बसून असत. पहाटे दोन-तीनच्या सुमाराला एक वाक्य ठरल्यासारखं यायचं, "देवाने तुमचं नाव पुसून टाकलंय." त्यांनी एक केलं. आवाज अगदी लहान ठेवून, पण ओठ हलवून, त्या तेविसावं स्तोत्र म्हणत, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." वाक्य परत आलं की परत पहिल्यापासून. शेजारच्या खाटेवरच्या पेडण्याच्या आजीने एकदा विचारलं, "बाय, काय म्हणतंस गो? जरा मोठ्यान म्हण, माका पण आयकूं दी." ती आजी ख्रिस्ती नव्हती. मग रोज रात्री दोघींपुरतं म्हणणं झालं. बाईंचे यजमान त्या आजारातून उठले नाहीत. पण देवाने आपल्याला टाकलं असं त्या तेव्हा म्हणाल्या नाहीत आणि आजही म्हणत नाहीत.

इथे एक सांगायलाच हवं. मन सतत अंधारलेलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर त्याला विश्वासाची उणीव समजून लपवू नका. तो आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर आहेत. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ आहे, दिवसरात्र चालू असतो. पाद्रीबाबकडे जा आणि डॉक्टरकडेही जा. लूक, ज्याने हा अरण्यातला प्रसंग लिहिला, तो स्वतः वैद्य होता.

त्याच लूकने शेवटी असंही लिहिलं आहे की सर्व परीक्षा संपवून सैतान संधी मिळेपर्यंत येशूला सोडून गेला. संधी मिळेपर्यंत, कायमचा नव्हे. म्हणून आजच्या शांत संध्याकाळी तयारी करा. आपल्या मनाला नेमका कुठला विचार वरचेवर छळतो ते ओळखा आणि त्याच्यासाठी एकच वचन निवडा. पैशाची चिंता असेल तर इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायातलं, "मी तुला सोडून जाणार नाही व तुला टाकणार नाही." काळजीने झोप उडत असेल तर फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं, देवाची शांती तुमची अंतःकरणे व तुमचे विचार राखील, हे. पौलाने ते बंदिवासातून लिहिलं होतं. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्वयंपाकघरात शेगडीच्या वर चिकटवा. दुपारी बाराची आंजेलूसची, म्हणजे प्रार्थनेसाठी चर्चमध्ये वाजणारी, घंटा झाली की एकदा म्हणा, संध्याकाळच्या घंटेला पुन्हा म्हणा. घरात लहान मूल असेल तर त्याच्याकडून म्हणवून घ्या, ते तुमच्याआधी पाठ करील.

पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. देवाची शांती तुमच्या घरी राहो. नमस्कार.