पायराइट प्रकाश खातं, मग व्होल्टेज कुठे जातं?

हा पायराइटचा घनाकार खडा बघा आणि मागे पास करत जा. एका लोखंडाला दोन गंधक, बस्स, एवढंच आहे यात, पण चकाकी अशी की भलेभले सोनं समजून फसलेत. आता हाच टाइलच्या मागच्या खडबडीत बाजूवर घासतो. सोन्याची रेघ पिवळी येते, ही आली काळी, जराशी हिरवट. का? गुळगुळीत पृष्ठभाग निम्म्याच्या आसपास उजेड परत फेकतो, निळा थोडा कमी, म्हणून पिवळी झाक. भुकटी झाली की उजेड कणाकणांत आपटत फिरतो आणि दर वेळी थोडा गिळला जातो. मला या काळ्या रेघेबद्दलच बोलायचंय, म्हणजे इतका उजेड गिळणाऱ्या पायराइटचा सोलर सेल का जमत नाही याबद्दल.

उजेड गिळायला इलेक्ट्रॉनला जी ऊर्जेची उडी मारावी लागते, ती म्हणजे बँड गॅप: खाली तळमजला, वर माळा, मधे जिनाच नाही. प्रकाशाच्या कणाने इलेक्ट्रॉनला एका उडीत माळ्यावर पोचवलं तर ठीक, नाहीतर काहीच नाही. नेहमीच्या सोलर सेलच्या सिलिकॉनमध्ये ही उडी 1.12 इलेक्ट्रॉन व्होल्टची (हे ऊर्जेचं माप), पायराइटमध्ये साधारण 0.95, म्हणजे 1300 नॅनोमीटरपर्यंतचा इन्फ्रारेडसुद्धा कामाचा. दोन्हीत ही सगळ्यात छोटी उडी तिरकी असते, स्फटिकाच्या कंपनांचा धक्का लागतो, पण पायराइटमध्ये थोडं वर गेलं की लोखंडाच्या इलेक्ट्रॉनांच्या जागा इतक्या दाटीने आहेत की शोषण एकदम चढतं. 0.1 मायक्रॉनच्या थरात आत शिरलेला बराचसा उजेड संपतो. केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो, त्याचा सातशेवा भाग! सिलिकॉनची वेफर, म्हणजे पातळ चकती, साधारण दीडशे मायक्रॉनची असते.

बर्लिनच्या हान-माइटनर इन्स्टिट्यूटमध्ये एन्नाउई आणि ट्रिबुट्श यांनी 1984 पासून पायराइटच्या सोलर सेलवर खूप काम केलं, करंट झकास मिळाला, पण व्होल्टेज 200 मिलीव्होल्टच्या आतच अडकलं आणि कार्यक्षमता 2.8 टक्के. थिअरीने 30 च्या आसपास जायला हवी होती. 2009 मध्ये बर्कलीच्या वाडिया, अलिविसाटोस आणि कॅमन यांनी 23 पदार्थांच्या कच्च्या मालाचा हिशेब मांडला, त्यात पायराइट सगळ्यात पुढे आलं, त्यामुळे लोक परत याच्या मागे लागले, आणि मला वाटतं लागायलाच हवं होतं, लोखंड-गंधकाला तोटा कुठे आहे?

बरं, मग व्होल्टेज गळतं कुठे? बरीच वर्षं संशय मार्कासाइटवर होता, फॉर्म्युला तोच, रचना वेगळी, वाटायचं की त्याचा गॅप फार छोटा असणार, पण मोजल्यावर तो तेवढा छोटा निघाला नाही. आता बोट दोन गोष्टींकडे जातं. एक, आतमध्ये गंधकाच्या काही जागा रिकाम्या राहतात, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रुपने ते नीट दाखवलंय. दुसरी पृष्ठभाग: आतला स्फटिक एन-टाइप (करंट इलेक्ट्रॉन वाहतात) असला तरी वरचा पातळ थर पी-टाइपसारखा (करंट इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा वाहतात) वागतो आणि तिथेच गळती होते.

मघाशी कोणीतरी विचारलं, मग पृष्ठभाग घासून नवा का नाही करायचा? हाच खडा, हा क्यूब, हातात घेऊन बघा. आत प्रत्येक लोखंडाभोवती सहा गंधक आहेत. क्यूबच्या बाजूने तोडलं की वरच्या लोखंडाकडे पाचच उरतात, आणि कितीही वेळा नवीन बाजू काढली तरी वर येणारं लोखंड पुन्हा पाचवालंच, म्हणजे पृष्ठभागाची अडचण तशीच.