शेत कुंपण खातं तेव्हा

(दृश्य: मे महिन्याची दुपार. कोल्हापूरजवळ कसबा बावड्याच्या पुढं, पंचगंगा नदीकडच्या अंगाला एक बाग. लोखंडी अँगलच्या खांबांची रांग. एकही खांब सरळ नाही.)

ही रांग नीट बघा. दहा खांब आहेत. उभे केले तेव्हा दोरी लावली होती, ओळंबा धरला होता. आज त्यांच्याकडं बघितलं की पंगतीत भरपेट जेवून भिंतीला टेकलेली पाहुणेमंडळी आठवतात. सगळे थोडे थोडे कललेले, आणि सगळे एकाच बाजूला.

"वारं, दुसरं काय!" गुरुजी म्हणतात.

गुरुजी म्हणजे या बागेचे मालक. निवृत्त शिक्षक. पाच गुंठ्यांत आंबा, चिक्कू, शेवगा आणि मधल्या वाफ्यांत काकूंची भाजी. बांध ओलांडला की ऊसच ऊस. आडोसा म्हणून दुसरं काही नाही, त्यामुळं वारं लागतं हे खरंच.

आम्हीही तेच धरून चाललो होतो. कॅमेरा लावला आणि एक गोष्ट खटकली. कोल्हापुरात पावसाळ्याचं वारं येतं पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून. चार महिने तेच. त्या वाऱ्यानं खांब ढकलले असते तर ते पूर्वेला झुकायला हवे होते. हे झुकलेत पश्चिमेला. वाऱ्याच्या अंगावर.

(दृश्य: खांबाचं बूड, अगदी जवळून. काँक्रीट आणि माती यांच्यामध्ये काळी फट. एक गज त्या फटीत आत आत जातो.)

गुरुजींनी एक गज आणला आणि खांबाच्या बुडाशी फटीत सोडला. बाहेर काढून मोजला तेव्हा मातीचा डाग होता अडीच फुटांवर. आणि खांबाचं काँक्रीट किती खोल? दीड फूट. म्हणजे भेग पायाच्या खाली फूटभर पोचली होती. खांब जमिनीत रोवलेला नव्हता, फटीत ठेवलेला होता. हातानं हलवला तर सैल दातासारखा हलला.

कुंपणानंच शेत खाल्लं, असं आपण म्हणतो. पंचगंगेच्या काठाला प्रकार उलटा आहे. इथं शेत कुंपण खातं.

ही माती आली दख्खनच्या काळ्या दगडातून, बेसॉल्टमधून. तो दगड झिजून जी चिकणमाती होते तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे थर पत्त्यांच्या कॅटासारखे एकावर एक. पाणी त्या थरांच्या मध्ये शिरतं, थर एकमेकांपासून लांब सरकतात, माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून जातं, थर मिटतात, माती आकसते आणि जमीन फाटते. ऊसवाल्याला ही माती म्हणजे सोनं, पाणी धरून ठेवते. गवंड्याला विचारा, तो कपाळाला हात लावतो.

आता खांबांची गोष्ट जुळवून बघू.

2021 च्या जुलैत महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. त्या वर्षी पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं आणि गुरुजींचं जुनं काटेरी तारेचं कुंपण मुळासकट घेऊन गेलं. पाणी ओसरल्यावर महिन्याभरात त्यांनी घाईनं नवं उभं केलं. बागेत गुरं शिरत होती, दुसरा इलाज नव्हता. पण त्या वेळी माती पाणी पिऊन टम्म फुगलेली. त्या फुगलेल्या मातीत खड्डे काढले, काँक्रीट ओतलं. पहिल्याच उन्हाळ्यात माती आकसली आणि काँक्रीटचा हात सोडून बाजूला झाली.

पुढच्या वर्षी काकूंनी पश्चिमेच्या रांगेला हिरवं शेडनेट बांधलं. भाजीला ऊन लागू नये, रस्त्यावरून आत दिसू नये म्हणून. इथं कुंपण घातलेल्या दहा घरांपैकी आठ घरांत हे होतंच, आणि जाळी विकणारा कधी बोलत नाही की बाबांनो, असं काही बांधणार असाल तर खांब वेगळे लागतील. जाळीतून वारं निघून जातं. नेट बांधलं की कुंपणाचं शीड होतं.

मग आला वळीव. एप्रिल-मे. ऊसाची तोड कधीच संपलेली, रान बोडकं. ज्या वेळी जमीन सगळ्यात जास्त फाटलेली असते, त्याच वेळी आडोसाही गेलेला असतो. वळवाचं वारं पावसाळी वाऱ्यासारखं एका दिशेचं नसतं, कुठूनही येतं. इथं आलं ते पूर्वेकडून, धुळीचे लोट घेऊन. सैल खांब, त्यावर शीड. सगळी रांग पश्चिमेला कलली. आठवड्याभरात पाऊस लागला, माती फुगली आणि तिनं खांब कललेले होते तसेच घट्ट धरले. पुढं चार महिने पश्चिमेचं वारं घोंघावलं, पण तोवर खांब आवळलेले. परत सरळ व्हायचा प्रश्नच नाही. पुढच्या मे महिन्यात पुन्हा फट, पुन्हा वळीव, पुन्हा थोडं कलणं.

पुरावा हवा असेल तर उत्तरेची रांग बघा.

(दृश्य: उत्तरेची रांग. जाळी मोकळी. गुरुजी एक खांब धरून हलवतात.)

तीच माती, तोच दीड फुटाचा पाया, त्याच दिवशी उभी केलेली. नेट मात्र नाही. खांब हलतात, पण कललेले नाहीत.

दीड फूटच का? याचं उत्तर मातीत नाही, लोखंडाच्या दुकानात आहे. अँगल येतो 20 फुटी. खरं तर 6 मीटर, म्हणजे 20 ला थोडा कमी. त्याचे बरोब्बर तीन तुकडे केले की साडेसहा फुटांचा खांब. पाच फूट वर, दीड फूट खाली, वाया काही जात नाही. गावोगावच्या कुंपणांची खोली अशी करवतीनं ठरलेली असते. मुरमाड जमिनीत ती चालूनही जाते. काळ्या रानात नाही.

(दृश्य: दिवाळीनंतर. सकाळचं कोवळं ऊन. जुने खांब काढून ठेवलेले.)

नवं काम गुरुजींनी मुद्दाम दिवाळीनंतर काढलं. शेतकऱ्याला कारण सांगावं लागत नाही: वापसा. पाऊस थांबलेला, माती ओली पण हाताला न चिकटणारी. फुगलेली नाही आणि फाटलेलीही नाही. मे महिन्यात हीच जमीन पहारीला दाद देत नाही, जुलैत खोऱ्याला चिकटून बसते.

खांबाची लांबी धरली 8 फूट. पाच वर, तीन खाली. 20 फुटी अँगलचे दोन खांब आणि उरला चार फुटांच्या आसपासचा तुकडा. तो कोपऱ्याच्या खांबांना तिरके टेकू म्हणून लागला. हिशेब तरीही बसलाच की! अँगल 40 बाय 40 बाय 5 मिलिमीटरचा. गुरुजींना आधी 3 मिलिमीटरचा घ्यायचा होता, स्वस्त पडतो म्हणून. उद्यमनगरातल्या फॅब्रिकेटरनं दोन्ही तुकडे त्यांच्या हातात दिले, आणि पुढं काही बोलावं लागलं नाही. प्रत्येक खांबाच्या खालच्या टोकाला वीतभर आडवा तुकडा वेल्ड केला, म्हणजे खांब काँक्रीटमधून उपसून येत नाही.

आणि खड्डा. हा खड्डा बघण्यासारखा आहे.

(दृश्य: खड्डे काढणारे मामा पालथे पडलेले. खांद्यापर्यंत हात खड्ड्यात. पत्र्याच्या डब्यानं माती बाहेर येते.)

"वरनं तोंड बारीक, खाली प्वाट मोठं," मामा सांगतात. "घागरीगत."

वर 10 इंच रुंद, तळाशी 15 इंच. पहारीनं सरळ तीन फूट जायचं, मग पालथं पडून खुरप्यानं तळ चहूबाजूंनी पोखरायचा. तळात काँक्रीटचा गोळा भरला की वरची माती कितीही फुगून त्याला उचलायला बघू दे, गोळा खाली अडकून राहतो. मामांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. पण रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं काळ्या मातीतल्या घरांसाठी जे अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगवलेले पायाचे खांब, विकसित केले त्यांचं तत्त्व हेच. तिथं खोली साधारण साडेतीन मीटर आणि खालचा फुगा दांड्याच्या अडीच पट. कुंपणाला एवढं लागत नाही. घागर पुरते.

उलटी चूक सगळीकडं दिसते. गवंडी काँक्रीट वरपर्यंत भरतो, उरलेला माल खांबाभोवती थापीनं गोल पसरतो. दिसायला छान, भाकरीसारखं. पावसाळ्यात माती त्या भाकरीच्या खालून वर येते आणि सगळा पाया उचलते. म्हणून वरचं काँक्रीट खड्ड्याच्या तोंडाबाहेर जाऊ द्यायचं नाही. जमिनीच्या वर दोन इंच आणायचं आणि माथ्याला चहूबाजूंनी उतार द्यायचा, पाणी खांबाशी थांबत नाही. लोखंड सगळ्यात आधी सडतं ते याच जागी, जमिनीच्या कडेला.

आणखी एक युक्ती. खताच्या पोत्याच्या आतला प्लास्टिकचा कागद खड्ड्याच्या वरच्या दीड फुटात गुंडाळून लावला आणि मग काँक्रीट ओतलं. वरचीच माती सगळ्यात जास्त हलते. कागदामुळं तिची पकड काँक्रीटला लागत नाही, ती वरखाली घसरत राहते.

खड्ड्यात खडी किंवा मुरूम भरून खांब ठोकावा असं सांगणारे भेटतील. पाणी निचरून जाईल म्हणतात. निचरून जाईल कुठं? चहूबाजूंनी चिकणमाती. खडीचा खड्डा म्हणजे वाटी, पाणी तिथंच साठणार आणि खांब त्यात उभा. मुरमाड रानातला सल्ला काळ्या रानात आणू नये.

काँक्रीट 1:2:4 चं, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी. वर ओली पोती टाकून आठवडाभर पाणी मारलं. दहाव्या दिवसापर्यंत जाळीला हात लावू दिला नाही. गुरुजी तेवढे कडक.

(दृश्य: जाळीचं भेंडोळं उलगडतं. ताण द्यायचा स्क्रू फिरतो, तार घट्ट होते.)

जाळी जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारेची, 10 गेजची. गेजचा आकडा उलटा चालतो हे लक्षात असू द्या. 8 गेजची तार 4 मिलिमीटर, 10 ची सव्वातीन, 12 ची अडीचच्या थोडी वर. दुकानदार 12 गेज दाखवून "हेवी आहे" म्हणाला तर खिशातून मोजपट्टी काढायची.

पश्चिमेला पत्रा लावावा, असं गुरुजींच्या मनात होतं. एकदाचा आडोसा होऊन जाईल. मग आम्ही बाकावर बसून हिशेब केला. दोन खांबांमध्ये 8 फूट, उंची 5 फूट. वारं तासाला 36 किलोमीटर असेल तर त्या पत्र्यावर साधारण 23 किलोचा रेटा. वारं दुप्पट, 72 झालं तर रेटा दुप्पट नाही, चौपट होतो: 90 किलोच्या वर. सिमेंटची जवळजवळ दोन पोती, तीही आडवी लोटणारी, आणि एकेका खांबावर. शिवाय भरीव आडोशावरून उडी मारलेलं वारं पलीकडं गरगरत खाली येतं, भाजी लोळवतं. निम्मं वारं अडवून निम्मं सोडणारा आडोसा जास्त कामाचा, आणि उंचीच्या दहा पट अंतरापर्यंत तो सावली देतो, वाऱ्याची सावली.

पाच गुंठे म्हणजे, बाग चौरस धरली तर, एक बाजू साधारण 74 फूट. 8 फूट उंचीची जिवंत कुड उभी राहिली तर 80 फूट, सगळी बाग झाकली. म्हणून जाळी मोकळी ठेवली आणि पावसाळ्यात तिच्या आत सहा फुटांवर गिरिपुष्पाचे फोक खोचायचे, मध्ये निर्गुडी आणि अडुळसा, असं ठरलं. सहा फूट सोडायचे, कारण मुळं पाणी ओढतात आणि खांबाशी माती आणखी फाटते. काकूंचं नेट आता वाफ्यावर मांडवाला गेलं. त्या खूश नाहीत. रस्त्यावरून अजून आतलं दिसतं.

नदीकडच्या बाजूला जाळीच नाही. पुरात ऊसाचं पाचट, जलपर्णी वाहून येते, जाळीत अडकते, मग जाळीची भिंत होते आणि पाणी ती खांबांसकट उपटतं. तिथं नुसत्या चार आडव्या तारा आणि घायपात. गेलं तर तारा जातील.

हे सगळं काळ्या रानाचं. पन्हाळ्यावर, जोतिबाच्या डोंगरावर वारं याहून जोरकस, पण खाली जांभा. तिथं खड्डा पाडायला घाम निघतो, एकदा खांब बसला की माती त्याच्याशी खेळत नाही. राधानगरी-दाजीपूरकडं प्रश्न गव्याचा, आणि गव्यापुढं आमची 10 गेजची जाळी म्हणजे सुतळी.

(दृश्य: पुन्हा मे महिना. तीच रांग. गुरुजींच्या हातात ओळंबा.)

जमीन पुन्हा फाटली आहे. खांबांच्या बुडाशी अंगठा जाईल एवढी फट दिसते आहे. परवा वळीव होऊन गेला, शेजारच्या आंब्याची फांदी मोडून जाळीवर पडली होती. गुरुजी एकेका खांबाला ओळंबा लावत निघाले आहेत. एक, दोन, तीन... दोरा खांबाला समांतर.

दहाव्याला थांबले. अर्धा इंच.

हा खांब पाण्याच्या टाकीजवळचा. टाकी भरून वाहते, एका अंगाची माती बाराही महिने ओली आणि दुसऱ्या अंगाची कोरडी. एक बाजू फुगलेली, एक आकसलेली, मधला खांब कोरड्या बाजूला सरकणार. टाकीत तरंगता बॉल बसवायचा, पाच मिनिटांचं काम.

"प्लंबर उद्या येतो म्हणालाय," गुरुजी म्हणतात.

"त्याचा उद्या गेल्या गुरुवारी सुरू झालाय," स्वयंपाकघरातून काकू.