सायकल टाइम कुणाला दाखवायचा?

श्रोतेहो, नमस्कार. नाशिककडच्या सातपूर, अंबड, सिन्नरच्या अनेक शेडमध्ये आता सीएनसी, म्हणजे संगणकी प्रोग्रामवर चालणाऱ्या, मशीनचे आकडे मालकाच्या मोबाईलवर दिसतात. चांगलंच आहे. पण त्यामुळे ग्राहक कंपनीशी पार्टचा दर ठरवताना आपला, म्हणजे लहान शेडवाल्याचा, शब्द चालायला लागतो का? यालाच बाजारशक्ती म्हणतात. ती मोजायचं सूत्र अर्थतज्ज्ञ अब्बा लर्नर यांनी 1934 मध्ये मांडलं: किमतीतून एका जादा नगाचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्याला किमतीने भागायचं.

समजा, दर 80 रुपये आणि जादा नगाचा खर्च 64. उत्तर आलं 0.20. सेन्सर लावल्यावर दिसलं की टूल बराच वेळ हवेतच फिरतंय. प्रोग्राम सुधारला, सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, 6 मिनिटांवरून 5 वर आला, खर्च 60 झाला. आता उत्तर 0.25. पण हाच सायकल टाइम ग्राहक कंपनीच्या पोर्टलवर थेट जात असेल, तर पुढच्या बोलणीत दर 75 वर येतो. पुन्हा 0.20! नगामागे 16 रुपये सुटत होते, आता 15 सुटतात, आणि सेन्सर-सॉफ्टवेअरचा खर्च आपल्याच डोक्यावर. मोठी कंपनी असा खर्च लाखो नगांवर वाटते, लहान शेडला ते जमत नाही.

म्हणून ऑर्डर घेतानाच लिहून घ्या: पोर्टलवर तयार नग, तपासणी अहवाल आणि डिस्पॅचची तारीख जाईल, सायकल टाइम आणि मशीन लोड (मशीन किती कामात आहे) जाणार नाही.

आकडे खरे हवेत, हेही तितकंच महत्त्वाचं. मशीन कापतंय की रिकामं फिरतंय हे करंटवरून ओळखायचं, तर करंट मोजणारा सीटी (वायरीभोवती अडकवायचा करंट ट्रान्सफॉर्मर) तिन्ही फेजच्या वायरींभोवती एकत्र अडकवला तर बेरीज जवळपास शून्य येते. तो एकाच फेजवर बसवा. स्पिंडल, म्हणजे टूल किंवा जॉब फिरवणारा दांडा, त्याचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या आउटपुटला फ्रिक्वेन्सी बदलत राहते, तिथे साधा सीटी फसतो, म्हणून इनपुटला लावा. आधी रिकाम्या फेरीचा करंट नोंदवा, मग कटिंगचा, आणि मशीन कापतंय असं धरायची मर्यादा दोन्हींच्या मध्ये ठेवा. बारीक टूलच्या फिनिशिंगमध्ये हा फरक दिसतच नाही. तिथे कंट्रोलरमधला स्पिंडल लोड आणि प्रोग्रामची वेळ बघा.

सॉफ्टवेअर घेताना एक अट सोडू नका: सगळी नोंद सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या) फाईलमध्ये केव्हाही बाहेर काढता आली पाहिजे. नाहीतर दोन-तीन वर्षांचा डेटा सॉफ्टवेअर विकणाऱ्यांकडे अडकतो आणि नूतनीकरणाचे पैसे ते मागतील तेवढे मोजावे लागतात.