जुनी जपानी फ्रेम नक्की बनवली कोणी?

तर मंडळी, जुनी जपानी सायकल दिसली की आपण आधी दांड्यावरचं नाव वाचतो आणि तिथेच फसतो, कारण ते नाव बनवणाऱ्याचं असेलच असं काही नाही, बऱ्याचदा ते विकणाऱ्याचं असतं. सत्तर-ऐंशीच्या दशकात अमेरिकेत जपानी सायकली धो धो खपल्या, पण त्यातल्या कितीतरी ब्रँडना स्वतःचा कारखानाच नव्हता. सेंच्युरियन घ्या, युनिवेगा घ्या, नाव-स्टिकर-जाहिरात सगळं कॅलिफोर्नियात आणि फ्रेम जोडणार जपानमध्ये. निशिकीचं तर अजून मजेशीर. अमेरिकेतल्या वेस्ट कोस्ट सायकलने कोबेच्या कावामुराकडून सायकली बनवून घेतल्या, आधी विकल्या अमेरिकन ईगल म्हणून आणि मग नाव ठेवलं निशिकी, म्हणजे ते जपानी नावसुद्धा अमेरिकन गिऱ्हाइकासाठीच. आणि श्विन! शिकागोची श्विन, अमेरिकन लोकांची अगदी घरची सायकल, तिची वर्ल्ड व्हॉयेजर बनवली पॅनासॉनिकवाल्यांनी. हो हो, तेच टीव्ही-रेडिओवाले. हसू नका, त्यांचे संस्थापक मात्सुशिता लहानपणी ओसाकात सायकलच्या दुकानात कामाला होते, आणि १९२३ साली त्यांनी बॅटरीवर चालणारा सायकलचा दिवा काढला तो तुफान चालला.

मग खरा कारखाना शोधायचा कसा? सायकल उलटी करा. पॅडलचा एक्सल ज्या नळीतून जातो त्या बॉटम ब्रॅकेटच्या खाली बहुतेक वेळा नंबर ठोकलेला असतो, चिखल-ग्रीस पुसा, रंगाचे थर असतील तर टॉर्च तिरका धरा. मियाता या जपानी कंपनीचा नंबर सगळ्यात सोपा, पहिलं इंग्रजी अक्षर म्हणजे वर्ष, ए म्हणजे १९७२, तिथून मोजत या, एम आला की १९८४. आता युनिवेगावर अगदी याच पद्धतीचा नंबर दिसला तर समजायचं की ही मियाताच्या कारखान्यातून आलीय. पॅनासॉनिकचं वेगळं, आधी एक आकडा, तो वर्षाचा शेवटचा, मग एक अक्षर, ते वर्षातला पंधरवडा सांगतं. पण सहा म्हणजे १९७६ का १९८६? इथे पार्ट बघायचे. शिमानो या पार्ट बनवणाऱ्या कंपनीच्या पार्टवर मागच्या बाजूला दोन अक्षरं असतात, पहिलं वर्ष (ए म्हणजे १९७६) आणि दुसरं महिना, म्हणजे एफ-जे दिसलं की ऑक्टोबर १९८१. एकाच पार्टवर जाऊ नका, चाळीस वर्षांत डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) कोणीही बदललेला असतो, तीन-चार पार्ट एकमेकांच्या आसपासचे निघाले तर विश्वास ठेवा. मागचं चाक बसतं तिथलं फ्रेमच्या दोन टोकांमधलं अंतरपण मोजा, १२० मिलिमीटर असेल तर पाच गिअरचा जमाना, १२६ म्हणजे त्यानंतरचा.

आता लोक काय करतात, लग (फ्रेमच्या नळ्या जिथे जुळतात तिथले धातूचे सांधे) बघतात आणि छातीठोक सांगतात की ही अमक्याचीच. अरे बाबा, लग बाजारात विकत मिळायचे! निक्को, ताकाहाशी असे लग बनवणारे वेगळे, ड्रॉपआउट, म्हणजे चाकाचा एक्सल बसतो त्या खाचा, सनटूर-शिमानोचे, नळ्या टांगे नाहीतर इशिवाटा या कंपन्यांच्या, सगळे कारखाने त्याच चार-पाच ठिकाणांहून माल उचलणार, म्हणजे एकाच वाण्याकडचं पीठ आणून दहा घरी पोळ्या केल्यासारखं. 'टांगे'चा स्टिकर बघून विकणारे बिनधास्त "टांगेची फ्रेम" म्हणतात, तो फक्त नळीचा स्टिकर आहे हो. इशिवाटा ०२२ लिहिलंय म्हणजे नळ्यांच्या अख्ख्या सेटचं वजन साधारण २.२ किलो, एवढंच. मियाता मात्र नळ्याही स्वतःच्याच काढायची, मूळचे बंदुका बनवणारे ना.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मोठ्या नावांवरून. स्पेशलाइज्डची अलेझ १९८१ ची, सुरुवातीच्या फ्रेम जपानी कारागीर योशी कोन्नोंच्या नावाजलेल्या सानरेन्शो ब्रँडकडून आल्या होत्या, हे खरंच आहे. पण पुढे काम दुसऱ्या कारखान्यांत गेलं, आणि आज कुठलीही जुनी अलेझ निघाली की विकणारा सानरेन्शो म्हणून भाव दुप्पट सांगतो. तसंच केइरिनच्या, म्हणजे जपानमधल्या ट्रॅकवरच्या सायकल शर्यतींच्या, फ्रेमवरचा एनजेएस शिक्का, तो शर्यतीसाठी मान्यता आहे एवढंच सांगतो, बनवणाऱ्याचं नाव नाही सांगत. बॉटम ब्रॅकेटवर शिक्का दिसला की ती नामांकित फ्रेम बनवणाऱ्या नागासावाचीच, असं नसतं!

काय म्हणालात? तुमच्याकडे निशिकी आहे, मग ती कावामुराचीच ना? वर्ष कुठलं? ऐंशीच्या दशकाचा शेवट... मग थांबा. सप्टेंबर १९८५ ला डॉलर स्वस्त करायचा प्लाझा करार मोठ्या देशांमध्ये झाला, तेव्हा डॉलरला २४० च्या आसपास येन मिळायचे, १९८७ संपताना १२५ च्याही खाली आले. जपानी सायकल अमेरिकेत परवडेना, आणि काम तैवानला गेलं, निशिकीचं तिथल्या जायंट कंपनीकडे. नाव तेच राहिलं. तेव्हा सीट ट्यूबवर (सीटखालच्या उभ्या नळीवर) देशाचा स्टिकर आहे का बघा, पुन्हा रंग मारला असेल तर खालच्या नंबरचा नीट फोटो काढा आणि नंतर दाखवा मला, तोवर कावामुराची म्हणून विकू नका.