उतरत्या आचेवरची नानकटाई

नमस्कार श्रोतेहो. सकाळच्या चहाबरोबर खायची दोन बिस्किटं आज घरी भाजू. एक गोड, म्हणजे नानकटाई. दुसरं खारं, जिऱ्याचं. कागद-पेन जवळ असू द्या, मापं दोनदा सांगणार आहे.

मापं ग्रॅममध्ये आहेत. वाटी प्रत्येक घरची वेगळी, आणि एकाच वाटीत मैदा दाबून भरला की वरवर, तेवढ्यावर वजन बदलतं. भाजी-आमटीत ते खपून जातं, बिस्किटात खपत नाही. तेव्हा एक छोटा वजनकाटा घ्या. लग्नात चौथा डिनर सेट देणाऱ्या नातेवाइकांनी त्याऐवजी हा काटा दिला, तर दोन्ही घरांचं भलं होईल. असो.

नानकटाईचं निम्मं काम तूप करतं आणि निम्मं आच. आच सुरुवातीला बऱ्यापैकी आणि मग उतरती. सुरुवातीला बऱ्यापैकी, मग उतरती. हे असं का, ते समजायला सुरतेला जावं लागतं.

सतराव्या शतकापासून सुरतेला डच व्यापाऱ्यांची वखार होती. वखार आली की माणसं आली, आणि ती डाळ-भातावर किती दिवस काढणार? त्यांना पाव हवा होता. पावाला खमीर हवं, आणि सुरतेकडे ताडीला तोटा नव्हता. उतरवलेली ताडी काही तासांतच आंबायला लागते. तीच पिठात घातली की पीठ फुगतं. गोव्यातले पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, तेही असाच माडाच्या सुरेवर पाव फुगवत आले. आज ती जागा बहुतेक ठिकाणी यीस्टने घेतली. काम लवकर होतं खरं, पण पावाची ती हलकी आंबूस चव गेली ती गेलीच.

तर सुरतेत पावाची भट्टी चालू झाली आणि हाताखाली काही पारशी मंडळी कामाला लागली. पुढे डचांचा व्यापार बसला. 1825 मध्ये वखार इंग्रजांकडे गेली. निघताना डचांनी भट्टी आपल्याकडच्या एका कारागिराच्या हवाली केली, असं सांगतात. त्याचं नाव फरामजी पेस्तनजी दोटीवाला. सुरतेच्या नानपुऱ्यात दोटीवालांची बेकरी प्रसिद्ध आहे आणि तिची सुरुवात 1861 सालची मानतात. आता 1825 आणि 1861 यांच्यात छत्तीस वर्षं आहेत, आणि त्यांचा हिशेब ही गोष्ट देत नाही. सांगोवांगीची गोष्ट आहे, तिच्याकडे पावती मागू नये.

पुढे काय झालं ऐका. गोरं गिऱ्हाईक आटलं. गावातले लोक पावाला शिवेनात, कारण त्यात ताडी, आणि कशाकशात अंडंही. रोज पाव उरायला लागला. उरलेला पाव कडक व्हायचा, पण त्यात पाणी राहिलेलं नसल्यामुळे त्याला बुरशी धरत नव्हती. तो स्वस्तात विकला जाऊ लागला. लोक दुधात, चहात बुडवून खाऊ लागले. पचायला हलका म्हणून दुखणाइतालाही देऊ लागले. असं करता करता वाळलेल्या पावालाच ताज्यापेक्षा जास्त मागणी आली, आणि दोटीवाला मुद्दाम पाव वाळवून विकू लागले.

मग पुढची पायरी. वाळलेलंच विकायचं तर फुगवायचं कशाला? ताडी गेली. अंडंही गेलं. उरलं पीठ, तूप आणि साखर, म्हणजे कुठल्याही घरात खाल्लं जाईल असं जिन्नस. ती नानकटाई. ही नेमकी याच भट्टीत पहिल्यांदा झाली का, यावर वाद घालणारे आहेत. दिल्लीकडे ती लोखंडी कढईत निखाऱ्यांवर भाजून हातगाडीवर विकतात, आणि त्यांना सुरतेचं काही सांगायला जाऊ नका.

या सगळ्यात खरी शहाणी आहे ती भट्टी. विटांच्या भट्टीत आधी लाकडं पेटवतात, भिंती आणि जमीन तापवतात, निखारे बाजूला ओढतात. सगळ्यात कडक आचेला पाव. पाव निघाले की आच उतरते, तेव्हा बिस्किटं आणि नानकटाई जातात. आणि भट्टी जेमतेम गरम उरली की पावाचे काप टोस्ट व्हायला आत जातात. लाकूड एकदाच जाळायचं, उष्णता तीनदा वापरायची. नानकटाई ही त्या मधल्या आचेची वस्तू आहे.

आपल्याकडे दिवाळीच्या आधी मैदा, रवा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायची पद्धत होती, काही गावांत अजून आहे. जिन्नस आपले, भट्टी त्यांची, किलोमागे मजुरी. घरची बायकामुलं तिथेच बसून गोळे वळायची आणि पत्र्याचा डबा भरून न्यायची. बेकरीवाला बोलवायचा ते दुपारी, पावाची भाजणी संपल्यावर. सकाळी लवकर येतो म्हटलं तर तो नको म्हणायचा, आणि लोकांना वाटायचं त्याला वेळ नाही. त्याच्या भट्टीची आच उतरलेली नसायची, हे खरं कारण. मुंबईत आता लाकडाच्या भट्ट्यांनी गॅसवर किंवा विजेवर जावं असा आदेश 2025 मध्ये निघाला. धुराच्या दृष्टीने योग्यच आहे. पण आपोआप उतरणारी आच आता बटणाने उतरवावी लागणार, आणि ते बटण कुणी वेळेवर फिरवेल याची मला खात्री नाही.

बरं, आपल्या घरच्या ओव्हनकडे येऊ. वेळ थोडा उरला आहे.

नानकटाई. मैदा 120 ग्रॅम, बेसन 40 ग्रॅम, बारीक रवा 20 ग्रॅम. तूप 100 ग्रॅम, पिठीसाखर 85 ग्रॅम. बेकिंग पावडर अर्धा चहाचा चमचा, खाण्याचा सोडा एक चिमूट, मीठ एक चिमूट, वेलची, जायफळ. पुन्हा सांगते: मैदा 120, बेसन 40, रवा 20, तूप 100, पिठीसाखर 85. वीसेक नानकटाया होतात.

तूप थिजलेलं हवं. पातळ तूप घातलं की नानकटाई ट्रेवर पसरून चपटी होते. उन्हाळ्यात तूप डब्यातच पातळ असतं, तेव्हा ते वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, बोट दाबलं तर खळगा पडेल इतपत घट्ट करा. त्यात पिठीसाखर घालून सहा-सात मिनिटं फेसा. हाताने फेसलं तरी चालेल. रंग पिवळ्यावरून पांढुरका झाला आणि तूप हलकं वाटू लागलं की हवा भरली. ही हवाच नानकटाईला खुसखुशीत करते. इथे साधी साखर घालू नका. तिचे दाणे तुपात विरघळत नाहीत, भट्टीत वितळतात, आणि गोळा पसरतो.

सगळी पिठं, सोडा आणि बेकिंग पावडर दोनदा चाळून तुपात घाला. आता मळायचं नाही. बोटांनी गोळा करायचं. मळलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि नानकटाई कडक होते. मूठ दाबली की गोळा टिकला पाहिजे. टिकत नसेल तर थंड दूध एक चमचा, फार तर दोन. दूध जास्त झालं की वर त्या भेगा पडत नाहीत. सोडा चिमटीनेच घ्या. जास्त सोड्याने रंग लालसर-काळपट येतो आणि मागाहून जिभेवर साबणासारखी चव राहते.

लहान लिंबाएवढे गोळे, साधारण 18 ग्रॅमचे. हलके दाबा, वर पिस्त्याचा काप, दोन गोळ्यांत दोन बोटं अंतर. ट्रे वीस मिनिटं फ्रिजमध्ये.

आता आच. ओव्हन 180 अंशांवर पंधरा मिनिटं तापवा. ट्रे मधल्या कप्प्यात सरकवला की लगेच बटण 160 वर आणा. 180 वर तापवा, 160 वर भाजा. अठरा ते वीस मिनिटं. ओव्हनमधला पंखा चालू असेल तर 150 पुरे. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शनवरच. नुसत्या मायक्रोवेव्हवर नानकटाई भाजली जात नाही, शिजते.

कडा किंचित बदामी झाल्या, वरचा भाग अजून फिकट आहे, हात लावला तर मऊ लागतं, तेव्हा बाहेर काढा. बहुतेकांची चूक इथे होते. मऊ आहे म्हणून आणखी पाच मिनिटं ठेवतात, आणि मग दाताखाली दगड. गरम असताना तूप पातळ असतं, म्हणून ती मऊ लागते. ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्या, उचलायला गेलात तर मोडेल. तळ जळत असेल तर ट्रे पातळ आहे किंवा खालच्या कॉइलच्या जवळ आहे. त्याखाली दुसरा ट्रे सरकवा.

ओव्हन नसेल तर जाड कढईत मिठाचा बोटभर थर, त्यावर जाळी, झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग ताटली ठेवून मंद आच, बावीस ते पंचवीस मिनिटं. झाकणाच्या आत पाणी जमलं तर पुसा. वरून रंग येत नाही, त्याला इलाज नाही, चव येते.

आता खारं. मैदा 100 ग्रॅम, कणीक 50 ग्रॅम, बिनमिठाचं थंड लोणी 75 ग्रॅम, पिठीसाखर 15 ग्रॅम, मीठ अर्धा चहाचा चमचा, बेकिंग पावडर अर्धा चमचा, भाजून भरड कुटलेलं जिरं दीड चमचा, थंड दूध दोन मोठे चमचे. पुन्हा: मैदा 100, कणीक 50, लोणी 75, साखर 15.

खाऱ्यात साखर कशाला, असं वाटेल. रंगासाठी. तिच्यावाचून बिस्किट पांढरटच राहतं, आणि रंगाची वाट पाहता पाहता कोरडं होतं. बाजारचं मिठाचं बटर वापरलं तर वरचं मीठ पाव चमच्यावर आणा. जिऱ्याऐवजी ओवा चालेल, कसुरी मेथी उत्तम. आणि काही लोक यात गरम मसाला घालतात. घालू नये. सकाळी सात वाजता लवंगेचं काही काम नसतं.

इथे लोणी फेसायचं नाही. थंड तुकडे पिठात बोटांच्या टोकांनी चोळायचे, पीठ रव्यासारखं दिसेपर्यंत. मग दूध चमच्याचमच्याने. पावसाळ्यात पीठ आधीच सादळलेलं असतं, दीड चमच्यातही भागतं. गोळा झाला की झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये. अर्धा सेंटिमीटर जाड लाटा, कापा, आणि प्रत्येकाला काट्याने तीन-चार ठिकाणी टोचा. टोचलं नाही तर वाफ अडकते आणि मधे फुगा येतो.

खाऱ्याची आच वेगळी: 175 वर सोळा ते अठरा मिनिटं. लोण्यात पाणी असतं, तुपात नसतं. ते पाणी निघून जायला हवं, म्हणून ही जरा चढी आच. कडा सोनेरी झाल्या की ओव्हन बंद करा, दार चार बोटं उघडं ठेवा, बिस्किटं दहा मिनिटं आतच राहू द्या. बेकरीतली पापुद्र्यांची खारी मात्र यातून होणार नाही. ती घड्या घालून लाटायची वस्तू आहे, आणि माझं मत विचाराल तर ती विकतच आणावी.

नाचणी किंवा ज्वारी घालायची असेल तर कणकेच्या जागी पन्नास ग्रॅमपर्यंतच. त्या पिठांना चिकटपणा नसतो, जास्त झाली तर बिस्किट उचलताना चुरा होतो. नाचणीचं पीठ आधी मंद आचेवर पाच मिनिटं भाजून पूर्ण गार करा, गरम पिठात लोणी वितळेल.

दोन्ही बिस्किटं पूर्ण गार झाल्यावरच डब्यात. कोमट भरली तर आत वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी सादळतात. डबे वेगळे ठेवा, नाहीतर नानकटाईला जिऱ्याचा वास लागतो. घट्ट झाकणात पंधरा दिवस सहज टिकतात. सादळलीच तर 150 वर पाच मिनिटं ठेवून गार करा, पुन्हा कुरकुरीत होतील. आणि रोज ताजी हवी असतील तर नानकटाईचे वळलेले गोळे डब्यात भरून फ्रिजरमध्ये ठेवा, महिनाभर राहतात. सकाळी चार काढायचे, न वितळवता तसेच ओव्हनमध्ये, फक्त तीन मिनिटं जास्त. नमस्कार.