पटावर पुन्हा तेच

४ मे १९९७, न्यूयॉर्क. बुद्धिबळ खेळणारा आयबीएमचा संगणक डीप ब्लू याने पांढरा हत्ती ए-६ वर नेला आणि पंचेचाळिसाव्या चालीवर जगज्जेत्या गॅरी कास्पारॉव्हने डाव सोडला. दुसऱ्या दिवशी त्याच्याच सहकाऱ्यांनी त्याला दाखवलं: वजीर ई-३ वर नेला असता, तर शहावर शह देत बरोबरी पदरात पडली असती. सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासणाऱ्या यंत्रालाही ती वाट दिसली नसावी, असं तेव्हाच्या विश्लेषकांचं मत पडलं.

माणूस चुकला, ठीक आहे. यंत्राला ती का दिसू नये?

वजीर शह देतो, राजा सरकतो. पुन्हा शह, राजा पुन्हा मूळ घरात. काही मरत नाही, प्यादं पुढे जात नाही. बरोबरी मोहऱ्यांत नसतेच, ती आधी काय घडलं त्यात असते. पुढच्या चाली शोधताना ते वर्तुळ पुरं होईपर्यंत यंत्र आपलं जास्तीचं प्यादं मोजत बसतं.

नियम असा: तीच स्थिती तिसऱ्यांदा आली, की खेळाडू बरोबरी मागू शकतो. पाचव्यांदा आली, की डाव आपोआप बरोबरीत सुटतो.

(पडद्यावर: हत्ती एच-१ वरून जी-१ वर जातो आणि परत येतो.)

आता पाहा. पट जसाच्या तसा दिसतो, पण हत्ती एकदा हलला, त्या बाजूचा किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवायचा हक्क, गेला. नियमाच्या लेखी ही स्थिती वेगळी.

हा फरक यंत्राने झटकन ओळखायचा कसा? १९७० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या अल्बर्ट झोब्रिस्टने युक्ती मांडली. दोन्ही रंग धरून बारा प्रकारचे मोहरे, चौसष्ट घरं. प्रत्येक जोडीला एक यादृच्छिक आकडा, म्हणजे ७६८ आकडे. चाल कोणाची याचा एक, किल्लेकोटाचे चार, आँ पासाँचे (दोन घरं उडी मारून शेजारी आलेलं प्यादं मारण्याच्या हक्काचे) आठ. एकूण ७८१. पटाला लागू असलेले आकडे ‘एक्सऑर’ क्रियेने एकत्र केले, की त्या स्थितीची खूण तयार.

एक्सऑरची गंमत म्हणजे तोच आकडा दुसऱ्यांदा लावला, की तो पुसला जातो. जी-१ वरचा घोडा एफ-३ वर गेला? जी-१ चा आकडा पुसा, एफ-३ चा लावा. दोन्ही बाजूंचे घोडे बाहेर जाऊन परत आले, की चार अर्ध्या चालींनंतर (एका खेळाडूची एक खेळी म्हणजे अर्धी चाल) खूण अगदी पहिलीच. सगळा पट पुन्हा मोजायची गरजच नाही.

मग इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, मागच्या खुणा चाळतं, पण सगळ्या नाही. चार अर्ध्या चाली मागे जायचं आणि तिथून दोन-दोनच्या उड्या, कारण मधल्या स्थितींत चाल दुसऱ्याची असते. जिथे शेवटी प्यादं हललं किंवा मोहरा मेला, तिथे थांबायचं. त्यापलीकडचं परत येणं अशक्य.

शोध चालू असताना इंजिन तिसऱ्या वेळेची वाटही पाहत नाही. शोधात आलेली स्थिती शोधातच पुन्हा आली, की गुण शून्य. हरणाऱ्याला ते शून्य गोड लागतं, जिंकणारा त्यापासून पळतो. स्टॉकफिश या नावाजलेल्या इंजिनमध्ये तर ते शून्यही नेमकं शून्य नाही. त्यात अगदी बारीकशी अधिक-उणी मिसळलेली असते, नाहीतर सगळ्या बरोबऱ्या सारख्याच दिसून इंजिन आंधळं होतं.

२०१८ मध्ये स्टॉकफिशने प्रोग्रॅमर मार्सेल व्हान केर्व्हिंकची कल्पना उचलली: पुनरावृत्ती व्हायच्या एक चाल आधीच ती हुंगायची. आताची खूण आणि जुनी खूण यांतला फरक एकाच चालीइतका असेल, तर मागे जायची वाट उघडी आहे. अशा उलट फिरवता येणाऱ्या ३,६६८ चाली एका तक्त्यात भरून ठेवल्या आहेत. त्या तक्त्याला कोकिळेचं नाव आहे: नवा आला, की घरट्यातल्या जुन्याला ढकलून देतो.

एक दुखणं मात्र उरतंच. इंजिन तपासलेल्या स्थितींचे गुण साठवून ठेवतं, पण तिथे कोणत्या वाटेने आलो हे साठवत नाही. एका वाटेने आल्यावर पुनरावृत्तीमुळे पडलेलं शून्य दुसऱ्या वाटेने येणाऱ्यालाही लागू होतं, आणि ते साफ चुकीचं असू शकतं. पक्के उपाय आहेत, पण ते वेग खातात. म्हणून स्टॉकफिशच्या अनेक आवृत्त्यांत एक साधी अट घातलेली होती: प्यादं न हलता, काही न मरता नव्वद अर्ध्या चाली झाल्या, की साठवलेल्या गुणावर विसंबून शोध थांबवायचा नाही.